दोन डबे, एक दोर

वालपाराइसोतला आमचा डोंगर इतका उभा
की पोस्टमनसुद्धा खालूनच हाक मारतो.
त्या उभ्या अंगावर रूळ, रुळांवर दोन लाकडी डबे,
वर यंत्रघर, यंत्रघरात मी, एकवीस वर्षं.
एक डबा चढतो तेव्हाच दुसरा उतरतो.
दोघांचा दोर एकच.
हे मी कुणालाही समजावून सांगू शकतो,
पर्यटकांना, शाळेच्या सहलींना,
फक्त इस्मेनियाच्या पायांना नाही.

इस्मेनिया पाच वर्षांची.
रुळांशेजारच्या पायऱ्या एकशे त्रेसष्ट.
प्रत्येकीवर ती उजवा पाय ठेवते,
मग डाव्याला बोलावून घेते,
दोघे शेजारी नीट उभे राहिले की पुढची.
चालते चवड्यांवर, टाच न टेकता,
जणू सिमेंट अजून ओलं आहे.
हात कठड्याला नाहीत, हवेत, बोटं फाकलेली.
पंचेचाळिसाव्या पायरीवर पिवळा कुत्रा झोपलेला असतो.
नसला, तर तो येईपर्यंत आम्ही थांबतो.

मंगळवारी दवाखान्यातून यास्ना येते,
खांद्यावर जाळीची पिशवी: चेंडू, दोरी, वाळूच्या पुरचुंड्या.
चेंडू इस्मेनियाच्या छातीला लागतो, पडतो,
आणि मग तिचे हात मिटतात.
उशिरा आले, मी म्हणतो.
आले ना, यास्ना म्हणते,
आणि चेंडू आणायला
पुन्हा वीस पायऱ्या उतरते.

तिनंच एकाआड एक पायरीला लाल पट्ट्या चिकटवल्या,
डाव्या बुटावरही एक.
संध्याकाळपर्यंत इस्मेनियानं सगळ्या उपटल्या
आणि कठड्यावर लावल्या, कडेला कड भिडवून,
एकही तिरकी नाही.
कोटाचं बटण ज्यांना लागत नाही
तीच ही बोटं.
यास्ना बराच वेळ बघत राहिली.
पट्ट्या तिनं परत मागितल्या नाहीत.

लोक म्हणतात, कडेवर घे की, पाच मिनिटांत वर.
घेतोही. खोटं कशाला बोलू?
रात्रपाळी झालेली असते, ओदेत मासळीबाजारातून यायची असते,
पोरीचं वजन आता अठरा किलो,
आणि कडेवर तिचे पाय लोंबतात
कुणाचेच नसल्यासारखे.

ऑगस्टात दोर बदलायला काढला.
दोन्ही डबे मधोमध आणून
शेजारी शेजारी उभे करून ठेवले,
तिच्या पावलांसारखे.
अख्खा डोंगर पायऱ्यांवर आला,
पिशव्या, पाव, कुणाचं तरी गुंडाळलेलं गादीचं बोचकं,
आणि सगळ्यांच्या पुढे इस्मेनिया,
उजवा, डावा, थांब.
मागून एकानं सुस्कारा सोडला. मला तो मानेवर लागला.

खालच्या वळणावर गॅसवाला आला.
सिलिंडरवर सळई आपटत येतात ते,
ठण, ठण, ठण.
हा आवाज तिला मुळीच सोसत नाही.
तिनं दोन्ही हातांनी कान गच्च दाबले.
उजवा पाय ठेवला.
डावा आला, शेजारी थांबला नाही,
वर गेला.
मग उजवा, त्याच्याही वर.
गॅसवाला वळला, आवाज विरला,
आणि पुढच्या पायरीवर पुन्हा दोघे, जोडीनं.

का झालं? ठाऊक नाही.
यास्नानंही का विचारलं नाही,
कुठल्या पायऱ्या, एवढंच विचारलं.
दुसऱ्या दिवशी मी खाली जाऊन
गॅसवाल्याला पैसे देऊन सळई वाजवायला लावली.
इस्मेनिया पायरीवर बसली आणि रडली.
पुन्हा तसलं काही केलं नाही.
त्यानंतर तीन आठवडे जोडपावलंच.

नवा दोर बसला. तपासनीस आला,
चष्मा पुसून त्यानं माझी नोंदवही उघडली:
दोर ताणला. ग्रीस घातलं. वारा नैऋत्येचा.
एकोणनव्वद, नव्वद, एक्क्याण्णव.
हे आकडे कसले?
पायऱ्या, मी म्हणालो.
त्यानं खिडकीतून खाली बघितलं,
कुत्र्याशेजारी एक मुलगी उभी होती,
निघायच्या बेतात.
पान उलटण्याआधी त्यानं सही केली.